फेकलेला आकडा

अकोल्याच्या एमआयडीसीत एक खासगी लॅब आहे. शेतमालात औषध किती उरलं ते तपासणारी. औषध म्हणजे फवारणीचं. आमच्या वऱ्हाडात जहरालाही औषधच म्हणतात, आता त्याला काय करता! त्या लॅबमध्ये सकाळी गेलात तर कुठलाही नमुना मशीनला लावायच्या आधी एक बाटली लावतात, तिच्यात नुसतं द्रावण, बाकी काही नाही. पुस्तकात तिला ब्लँक म्हणतात. तिथली माणसं मात्र 'रिकामी गाडी' म्हणतात. "रिकामी गाडी गेली का?" "गेली." "साफ आली?" "साफ आली." मगच पुढचं काम. हे नाव कुणी पाडलं म्हणून विचारा, सगळे धम्मदीप तायडेंकडे पाहतील आणि तायडे खिडकीबाहेर पाहतील.

धम्मदीप तायडे आता एक्कावन्न वर्षांचे. बाप जानराव जिनिंग फॅक्टरीच्या काट्यावर चौतीस वर्षं होता. कापसाची भरली गाडी यायची, तोलली जायची, कापूस खाली व्हायचा, मग रिकामी गाडी पुन्हा काट्यावर. हंगामात रांग फाटकाबाहेर जायची. मागचे ओरडायचे, "अगा जानरावभाऊ, गाडीचं वजन मागच्या खेपेचंच धर न! गाडी का रोज लट्ठ होते?" जानराव ढिम्म. "चाकाले चिखल लागला असन. खाली बैलाचा चारा असन. रिकामी तोलल्याबिगर भरलीचं वजन खरं नसते." शिव्या खायचा, पण रिकामी तोलायचाच. लोक शिव्याही द्यायचे आणि गाडी लावायची तर जानरावच्याच काट्यावर लावायचे. असा तो माणूस.

त्याचा पोरगा बी.एस्सी. झाला आणि लॅबमध्ये लागला. आधी बाटल्या धुतल्या, मग अर्क काढायला शिकला, मग मशीनवर बसला. मशीनचं नाव गॅस क्रोमॅटोग्राफ, तोंडात जीसी. घाबरू नका, गोष्ट सोपी आहे. मिरची असो की तूर, तिचा अर्क काढायचा, त्यातला इवलासा सुईनं मशीनमध्ये टोचायचा. आत एक तापलेली काचेची नळी असते, तिथं अर्काची वाफ होते. ती वाफ पुढं केसाएवढ्या बारीक, तीस मीटर लांब वेटोळ्यातून धावते. ज्या त्या औषधाची बाहेर यायची वेळ ठरलेली. ते आलं की पडद्यावर रेघेला टेकाड येतं. टेकाड जेवढं मोठं, तेवढं औषध जास्त.

आता टोचायचं किती? एका थेंबाचा पन्नासावा भाग. तोही हातानं! बाकीच्यांचे हात मागंपुढं व्हायचे, एकाच बाटलीचे दोन आकडे शेजारी ठेवले तर सावत्र भाऊ वाटायचे. धम्मदीपचे जुळे निघायचे. श्वास रोखून सुई खुपसायची, दट्ट्या दाबायचा, सुई काढायची, सगळं एका दमात. मालक केशवराव गिऱ्हाइकांना मुद्दाम आत आणून दाखवायचे. "याचा हात पाहा. हात नाई हा, काटा हाये काटा." धम्मदीप वर बघायचा नाही, पण कान लाल व्हायचे. कुणाचे होणार नाहीत?

एका नमुन्याला तीनदा टोचायचं असा नियम. तिन्ही आकडे नोंदवायचे. एक वेगळा निघाला तर का निघाला ते शोधायचं, नाही सापडलं तर पुन्हा पहिल्यापासून. हा नियम कागदावरचा. लॅबची रीत वेगळी होती. दोन जुळले की ते लिहायचे आणि तिसरा फेकायचा. 'फेकायचा' हाच शब्द होता. "जुळले का?" "जुळले, तिसरा फेकला." केशवराव माणूस वाईट नव्हते, घाईचे होते. आणि एकेका खेपेला चाळीस मिनिटं खाणाऱ्या मशीनसमोर भला माणूसही घाईचा होतो. पण खरं सांगायचं तर धम्मदीपला या रीतीचा त्रास कधी झाला नाही. उलट त्या दोन जुळ्या आकड्यांवरच त्याचं नाव झालं होतं.

सहा वर्षांपूर्वीच्या मार्चमधली गोष्ट. परतवाड्याकडून एक बाई आली. पार्वताबाई. नमुने कुरिअरनं येतात, ही बाई स्वतः एसटीनं आली, मांडीवर जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेली लाल मिरची घेऊन. गावच्या अकरा बायांचा बचत गट. औषध न मारता मिरची पिकवायची, गटातच कांडायची आणि पुण्याच्या एका खरेदीदाराला द्यायची, असं ठरलेलं. खरेदीदाराची अट एकच: लॅबचा कागद आणा. किलोमागे दहा मायक्रोग्रॅमच्या आत.

बाई बाहेरच्या बाकड्यावर दोन तास बसली. धम्मदीप पाणी प्यायला आला तेव्हा उठून उभी राहिली. "साहेब, जपून करजा. अकरा जणीचं हाये हे."

"मावशी, बिनघोर घरी जा," धम्मदीप म्हणाला. "मशीन खोटं बोलत नाई."

बाईनं ते वाक्य फडक्यात बांधून नेलं. पुढचं सगळं रामायण त्या वाक्यानं केलं, म्हणून लक्षात ठेवा.

ज्या शनिवारी ती मिरची मशीनला लागली, त्याच संध्याकाळी अमरावतीत धम्मदीपचा सत्कार होता. विदर्भातल्या लॅबवाल्यांची एक संघटना होती. सगळ्यांना एकच नमुना वाटून तपासायला दिला होता, त्यात सगळ्यात कमी फरक याच्या हातचा. शाल, श्रीफळ, फोटो. मूर्तिजापूरमार्गे जाणारी साडेचारची बस धरायची होती. बायको दीक्षानं इस्त्रीचा शर्ट सकाळीच पिशवीत घालून दिलेला.

त्या दिवशी मशीनवर पहिला नमुना एका व्यापाऱ्याच्या हिरव्या मिरचीचा. औषधात आंघोळ केलेली मिरची ती. पडद्यावर टेकाड कसलं, सातपुडा उभा राहिला! अशा नमुन्यानंतर काचेची नळी बदलायची असते, निदान नुसतं द्रावण सोडून मशीन साफ आहे का ते बघायचं असतं. पण चाळीस मिनिटं! धम्मदीपनं तशीच पुढची तूर लावली आणि तुरीनंतर पार्वताबाईची मिरची.

पहिला आकडा सव्वीस. दुसरा सव्वीस.

जुळे. दहाच्या मर्यादेला सव्वीस. धम्मदीपला वाईट वाटलं, का नाही वाटणार, ती बाई डोळ्यापुढं आली. तिसऱ्या वेळी सुई जिथून जाते ती रबरी चकती फुसफुसायला लागली, गॅस गळत होता. त्यानं मशीन उघडलं, चकती बदलली, उघडलंच आहे तर काचेची नळीही नवी घातली आणि तिसऱ्यांदा टोचलं.

चार.

सव्वीस, सव्वीस आणि चार! आता यावर लॅबवाल्यांकडे एक ठरलेलं उत्तर असतं. नवी काच पहिल्या घासाला थोडं औषध स्वतःच पिते, म्हणून आकडा कमी येतो. हे खरंही असतं, कधीकधी. धम्मदीपनं स्वतःला तेच सांगितलं. पण सांगता सांगता त्याच्या मनात एक गोष्ट येऊन गेली: नवी काच खोटी असेल तसं जुनी काचही खोटी असू शकते. नुसतं द्रावण सोडून पाहिलं तर कळेल. त्यानं घड्याळ पाहिलं. पावणेचार.

त्यानं तिसरा फेकला.

कागदावर सव्वीस लिहिले, मर्यादेपेक्षा जास्त असा शेरा मारला, सही केली, तोंड धुतलं, शर्ट बदलला. सात वाजता अमरावतीच्या सभागृहात अंगावर शाल पडली. सूत्रसंचालन करणारा म्हणाला, "तायडेसाहेबांचा आकडा म्हणजे दगडावरची रेघ." टाळ्या झाल्या.

त्यावर सहा वर्षं गेली. पार्वताबाई पुन्हा आली नाही, आणि धम्मदीपलाही तिची आठवण राहिली नाही. खोटं कशाला बोला, वर्षाला हजार नमुने, कुणाकुणाची आठवण ठेवणार?

मागच्या साली लॅबमध्ये नवं मशीन आलं. त्याला स्वतःचाच हात. बाटल्या रांगेत लावायच्या, तो लोखंडी हात उचलतो, मोजतो, टोचतो, दमत नाही, त्याला बस धरायची नसते. सोबत अमरावतीची दामिनी नावाची केमिस्ट आली, एम.एस्सी., तोंडानं फटकळ. लॅबला मान्यता देणाऱ्या तपासणीवाल्यांना दाखवायला केशवरावांना एक तक्ता हवा होता: पूर्वी हातानं टोचताना आकड्यांत फरक किती पडायचा, आता किती. ते काम दामिनीकडं. तिनं जुना कॉम्प्युटर उघडला. त्यात कागदावर न आलेलंही सगळं असतं, यंत्र बिचारं काही फेकत नाही.

तिसऱ्या दिवशी ती धम्मदीपसमोर येऊन उभी. "सर, कागदावर प्रत्येक नमुन्याचे दोनच आकडे हायेत. आतमंदी तीन-तीन. तिसरे कुठी गेले?"

"जुळले नाई की फेकत होतो."

"आपल्या मनानं?"

"रीत होती."

"सर, राग नका मानू," ती म्हणाली. "दोन जुळले म्हंजे मशीननं तीच गोष्ट दोनदा सांगितली. खरी सांगितली असं कुठी हाये? खोटी असन तर खोटी बी तशीच सांगन न दोनदा."

धम्मदीपला राग आला. चोवीस वर्षांच्या हाताला काल आलेली पोरगी शिकवते! तिरीमिरीत त्यानं तिच्या हातातली यादी ओढून घेतली, दाखवतो हिला म्हणून. यादीत सगळ्यात जास्त फरकाचा तिसरा आकडा तिनं लाल केला होता. सव्वीस, सव्वीस, चार. लाल मिरची, बचत गट, परतवाडा.

त्यानं त्या शनिवारच्या सगळ्या फायली एकामागून एक उघडल्या. आधी व्यापाऱ्याचा सातपुडा. मग तूर. तुरीत ते औषध शोधायचंच नव्हतं, म्हणून तिकडं तेव्हा कोणी पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. तुरीतही त्याच मिनिटाला तेच टेकाड. एकोणतीस, अठ्ठावीस, सत्तावीस. मग पार्वताबाईची मिरची. सव्वीस, सव्वीस. मग नवी काच, आणि चार. त्यापुढच्या, सोमवारच्या नमुन्यांत काहीच नाही. व्यापाऱ्याचं औषध जुन्या काचेला चिकटून बसलं होतं आणि दर खेपेला थोडं थोडं सुटत होतं. ते तुरीचं नव्हतं आणि मिरचीचंही नव्हतं. खरा आकडा चार होता, आणि त्यानं फेकला होता तो नेमका तोच.

दामिनी मागं उभी होती.

त्या रविवारी विहारात पंचशील म्हणताना धम्मदीप चौथ्याला अडला. खोटं बोलणार नाही, ते शील. तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही, बाकीच्यांचे आवाज पुढं गेले. घरी येताना दीक्षानं विचारलं, "घसा बसला का?" "हो," तो म्हणाला, आणि हे पण खोटंच बोललो असं त्याच्या मनात आलं.

जानराव आता चौऱ्याऐंशीचा. थंडीचे दिवस, म्हातारा अंगणात खाटेवर उन्हाला बसलेला, पायावर शाल. धम्मदीपनं त्याला सगळं सांगितलं, काट्याच्या भाषेत. आधी एक चिखलानं भरलेली गाडी गेली, चिखल काट्यावरच राहिला, त्यावर एका बाईची गाडी तोलली.

जानरावनं सगळं ऐकलं. "रिकामी तोलली होती का?"

"नाई."

"काहून?"

"घाई होती. सत्काराले जायचं होतं अमरावतीले."

पायावरची शाल म्हाताऱ्यानं हळूच काढली, नीट घडी केली आणि खाटेच्या पायथ्याशी ठेवली. ती तीच शाल होती. सहा हिवाळे त्यानं ती कौतुकानं पांघरली होती, आल्यागेल्याला सांगून पांघरली होती. त्यानंतर त्या हिवाळ्यात म्हाताऱ्यानं फाटकी चादर घेतली, शालीला हात लावला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं धम्मदीपला वाटलं.

सोमवारी तो केशवरावांच्या केबिनमध्ये गेला. केशवरावांनी ऐकून घेतलं आणि डोक्याला हात लावला. "लेका, सहा वर्षं झाली! थे मिरची लोकायनं खाल्ली, पचवली, इसरले. तू काहून मेलेलं उकरून राहिला?"

"बाई जिती असन न, साहेब."

"अन् लॅबचं नाव? सुधारलेला कागद बाहेर गेला तर तपासणीवाले बाकीचे हजार कागद उघडतीन."

"उघडायलेच पाहिजेत," धम्मदीप म्हणाला. आपण हे बोललो याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं.

केशवराव बराच वेळ टेबलावर पेन आपटत राहिले. शेवटी म्हणाले, "जाचं असन तर सुट्टी टाकून जाय. लॅबचं लेटरहेड नेऊ नको."

मग त्यानं साधा कोरा कागद घेतला. स्वतःच्या हातानं लिहिलं: तुमच्या मिरचीचा खरा आकडा चार होता, मी सव्वीस लिहिला, चूक माझी. खाली सही आणि पत्ता. सोबत मशीनच्या तीन रेघांचे तीन कागद जोडले. दर्यापूर, अंजनगाव करत एसटीनं परतवाडा, तिथून काळीपिवळीनं गाव. वाटेत संत्र्याचे ढीग, ट्रक, ताडपत्र्या, काही दिसलं नाही त्याला. तो मनात तालीम करत होता. बाई चिडेल. शिव्या घालेल. घालू दे. आपण खाली मान घालून ऐकायचं, पाय धरायचे. शिव्यांचाच तेवढा आधार होता त्याला.

पार्वताबाईचं घर सापडायला वेळ लागला नाही. ओसरीत कांडपाचं यंत्र ताडपत्रीखाली झाकलेलं, वर कोंबडी बसलेली. बाई थकली होती, पण तिनं ओळखलं. "तुमी अकोल्याचे मशीनवाले. या, बसा. पाणी घेता?"

"पाणी मागून," तो म्हणाला. उभ्याउभ्याच सांगितलं, कारण बसला असता तर धीर गेला असता. "मावशी, तुमच्या मिरचीत औषध नव्हतं. म्हंजे चार होतं, शेजारच्या वावरातून वाऱ्यानं आलं असन तेवढं. मी सव्वीस लिहिले. चूक माही होती. मले तेव्हाच शंका आली होती, तरी मी पाह्यलं नाई."

बाई बघतच राहिली. "म्हंजे कोणी फवारलं नव्हतं?"

"नाई."

"अकरा जणीतलं कोणीच नाई?"

"कोणीच नाई, मावशी."

तो शिव्यांची वाट पाहत होता. बाई होती तिथंच ओसरीच्या कडेवर बसली. तोंडाला पदर लावला. मग म्हणाली, "व माय! मंग मी इंदूले काहून हाकललं?"

धम्मदीपला कळेना. "इंदू कोण?"

बाईनं हनुवटीनं समोर दाखवलं. गल्लीच्या पलीकडे, अगदी समोर, निळं दार. दोन्ही दारांत दहा पावलांचं अंतर. तिथं एक बाई सुपात तूर पाखडत बसली होती. ती इकडं बघत नव्हती, पण न बघण्यातही कळत होतं की तिला सगळं दिसतंय.

मग पार्वताबाईनं सांगितलं ते असं. कागद आला, खरेदीदार गेला, आणि गावात तोंडं सुटली: बायांनी चोरून औषध मारलं. गटात प्रश्न पडला, मारलं कोणी? त्याच साली इंदूबाईच्या घरच्यांनी कपाशीसाठी फवारणीचा पंप घेतला होता. एक बाई म्हणाली, मी तिच्या मिरचीत पंप पाहिला. दुसरी म्हणाली, मी पण पाहिला. "दोघीचं जुळलं न बापू. इंदूनं लेकराची शपथ घेतली, थे रडली, माह्या पाया पडली. मी म्हटलं, इंदे, मशीन खोटं बोलत नाई. तुमीच म्हटलं होतं न मले, त्या बाकड्यापाशी."

"म्हटलं होतं," धम्मदीप म्हणाला.

"हळदीकुंकू बंद. तिच्या पोरीच्या लग्नाचं बोलावणं मले नाई. सहा वर्षं झाली, आमी एकमेकीले पाह्यतो अन् आत जातो. आमी दोघीनं मिळूनच गट काढला होता. गट तिचाच इचार होता." पार्वताबाईनं समोरच्या निळ्या दाराकडं पाहिलं. "मले शिव्या दिल्या असत्या कोणी तर बरं झालं असतं."

धम्मदीपनं मान वर केली नाही. आपण एका बाईचं नुकसान केलं, एवढंच तो समजत होता. दुसरीचं नाव त्याला आज कळत होतं, आणि तीच खरी बुडाली होती. त्याच्या पिशवीतल्या माफीवर तिचं नावच नव्हतं.

पार्वताबाई उठली. डोक्यावर पदर घेतला. "चला."

"मी?"

"मंग कोण? मी एकटी गेली तर थे दार लावन. तुमच्या तोंडानं सांगा."

दहा पावलं. पार्वताबाईला गुडघ्यांचा त्रास असावा, किंवा नसावाही, पण ती दोनदा थांबली. इंदूबाईनं सूप खाली ठेवलं नाही. पाखडणं थांबवलं, एवढंच.

धम्मदीपनं पुन्हा सगळं सांगितलं. हे दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा जड गेलं, कारण ही बाई मधे काहीच बोलत नव्हती. तो थांबल्यावर तिनं विचारलं, "किती वेळा पाह्यलं होतं तुमी?"

"तीनदा."

"अन् काय निघालं?"

"दोनदा औषध निघालं. तिसऱ्यांदा तुमी खऱ्या निघाल्या."

"मंग तिसरं कुठी गेलं?"

"मी फेकलं."

इंदूबाईनं त्याच्याकडं नीट पाहिलं. रागानं नाही. बाजारात एखाद्या वस्तूची किंमत ऐकून माणूस बघतो तसं. मग तिची नजर त्याच्यावरून सरकली आणि मागं उभ्या पार्वताबाईवर गेली.

"मी बी तुले तीनदा सांगितलं होतं, पार्वते."

दोघींपैकी कुणी रडलं नाही. गल्लीतून एक सायकलवाला गेला, त्यानं वळून वळून पाहिलं.

इंदूबाईनं हात पुढं केला. धम्मदीपनं हातानं लिहिलेला कागद आणि तिन्ही रेघा तिच्या हातात दिल्या. तिनं रेघांचे कागद एकेक उलटून बघितले. "यातला माहा कोणता?"

त्यानं शेवटचा दाखवला, जवळजवळ सपाट रेघ असलेला. तिनं तो ठेवून घेतला. त्याच्या सहीचा कागद पार्वताबाईच्या हातात दिला, गावात वाचून दाखवायला. उरलेले दोन त्याला परत केले.

"हे दोन तुमचे. ठेवा तुमच्यापाशी."

आणि ती कागद घेऊन आत गेली. चहाचं विचारलं नाही, वऱ्हाडात दारात आलेल्या माणसाला असं कधी होत नाही. पण दार तिनं लावलंही नाही. पार्वताबाई उंबऱ्याबाहेर उभी होती, आत ये म्हणायची वाट बघत, आणि धम्मदीप निघाला तेव्हाही ती तिथंच उभी होती.

ते दोन कागद आता लॅबमध्ये त्याच्या टेबलाच्या काचेखाली आहेत, नव्या मशीनच्या अगदी समोर. त्याच्या सहीचा कागद फिरत फिरत तपासणीवाल्यांपर्यंत पोचला, ते येऊन गेले, हजार फायली उघडल्या, आणखी चार गावांना पत्रं गेली, त्याची बढती थांबली. दामिनी सकाळी बाटल्यांची रांग लावते आणि पहिल्या बाटलीजवळ हात थांबवून विचारते, "सर, रिकामी गाडी सोडू?"

"सोड," तो म्हणतो, आणि साफ येईपर्यंत चाळीस मिनिटं पडद्यासमोरून उठत नाही.